साहसाचा हंगाम आणि डोंगराचे धनी

शाळांच्या परीक्षा आटोपतात, मुंबई-पुण्याच्या मोटारी पसरणीचा घाट चढू लागतात, आणि त्याच सुमारास डोंगरमाथ्यावरच्या विकासाच्या घोषणांनाही बहर येतो. महाबळेश्वर-पाचगणीची हवा विकून आजवर पुष्कळांनी पुष्कळ कमावले. आता हवेवर भागत नाही. आता साहस विकावयाचे आहे. दोन उतारांमध्ये ताणलेल्या पोलादी तारेवरून घसरत जाणे, दोरांच्या झुलत्या पुलांवर लटकणे, बनावट कड्यावर चढणे, मोठ्या चाकांच्या धुडांवर बसून माळ तुडविणे, जलाशयात यांत्रिक होड्या उडविणे, या सर्वांना एका कुंपणात कोंडून दारावर तिकिटाची खिडकी बसविली की उन्हाळी साहस उद्यान सिद्ध होते. शासनाचा वरदहस्त त्यावर आहेच. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण झाले. २०२४ च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार यांचे स्वप्न दाखविले व गुंतवणूकदारांसाठी अनुदानाची, करपरताव्याची आणि शुल्कमाफीची दारे सताड उघडली. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतील २३५ गावे ‘नवे महाबळेश्वर’ या नावाखाली एकत्र करून त्यांचे नियोजन रस्ते विकास महामंडळाच्या हाती देण्यात आले. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे जलपर्यटनाचे केंद्रही २०२४ मध्ये सुरू झाले.

या साऱ्या गदारोळात एकच प्रश्न कोणी विचारीत नाही. हा डोंगर कोणाचा?

डोंगर कोणाचा हे विसरविण्याची कला थंड हवेच्या ठिकाणांच्या जन्माइतकीच जुनी आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना महाबळेश्वरची हवा मानवली आणि १८२९ मध्ये सातारच्या राजाकडून तो प्रदेश वाईकडील खंडाळा गावाच्या बदल्यात इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. साहेबांच्या बंगल्यांकडे जाणारे रस्ते बांधले ते तेथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी. म्हणजे हवा साहेबाची, घाम कैद्याचा! माथेरानमध्ये तर माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही अठ्ठ्याहत्तर वर्षे चालू राहिली. तेथील ९४ परवानाधारक हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात व ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा द्याव्यात, हे सांगण्यास ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास पुढे यावे लागले. ज्या राज्यकर्त्यांना डोंगरावरच्या एका हमालाचा जू इतक्या वर्षांत उतरविता आला नाही, ते आता अठरा लाखांना रोजगार देणार आहेत!

कोयना खोऱ्यातील माणसाला डोंगराच्या नावाने आलेले हे काही पहिले आमंत्रण नव्हे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी धरणाचे पाणी अडले आणि खोऱ्यातील गावेच्या गावे बुडाली. महाराष्ट्राच्या कारखान्यांना वीज मिळाली. ज्यांची भाताची खाचरे गेली त्यांपैकी काही दूरच्या जिल्ह्यांत फेकले गेले, तर काही पाण्याच्या रेषेच्या वर सरकून डोंगरउतारावर झोपड्या घालून राहिले. पुनर्वसनाचा हिशेब इतका अपुरा राहिला की २०१८ मध्ये, म्हणजे अर्धशतक उलटून गेल्यावर, श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली त्या धरणग्रस्तांच्या मुला-नातवंडांना कोयनानगरला ठिय्या मांडून बसावे लागले. पुढे १९८५ मध्ये अभयारण्य आले, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. जळणाची मोळी, जनावरांची चराई, हिरड्याची गोळाबेरीज यांवर एकेक करून फाटक पडले. प्रथम पाण्याने खोरे घेतले, नंतर वाघाच्या नावाने रान घेतले. उरला आहे तो उतार. गवत काढण्यास बाईमाणूस जेथे गेली तर तिला वनरक्षक हटकतो, त्याच रानाच्या कडेला तिकीट काढून आलेल्या पाहुण्याने आरोळ्या ठोकीत तारेवरून जावे, याला ‘निसर्गाशी नाते’ म्हणतात.

या वेळी जमीन सक्तीने घेतली जाणार नाही, ती ‘विकली’ जाईल, असे समर्थक सांगतात. विक्री कशी होते याचा नमुना कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावाने दाखविला आहे. केंद्रीय सेवेतील एका बड्या अधिकाऱ्याने नातलगांसह तेथील सुमारे ६२० एकर जमीन घेतल्याची तक्रार २०२४ मध्ये गाजली आणि कमाल जमीनधारणा कायद्याखाली चौकशीची वेळ आली. चौकशीचे पुढे काय व्हावयाचे ते होवो. ज्या गावाला रस्ता नाही, दवाखाना नाही, शाळा नाही, तेथील शेतकऱ्यापुढे नोटांचे पुडके ठेवणे आणि त्याच्या सहीला स्वेच्छा म्हणणे, यात स्वेच्छा किती हे शहाण्यास सांगावयास नको. आराखडा कागदावर येण्यापूर्वी दलाल गावात येतो. रस्ता कोठून जाणार हे त्याला सरपंचाच्या आधी ठाऊक असते. शेतकऱ्याला कळते तेव्हा सातबाऱ्यावरील नाव बदललेले असते.

आता रोजगाराकडे वळावे, कारण उद्यानवाद्यांचे खरे ब्रह्मास्त्र तेच आहे. डोंगरातल्या पोरांनी मुंबईलाच का जावे, गावात काम मिळाले तर समाजवाद्यांच्या पोटात का दुखावे, असा सवाल केला जातो. सवाल खोटा नाही. जावळी-पाटणचा तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहत आला आहे. त्याला गावात मानाचे काम मिळाले तर सर्वांत आधी आनंद होईल तो कष्टकऱ्यांच्या चळवळीला. पण साहस उद्यानातले काम कसे असते, हे एकदा जवळून पाहावयास हवे.

हंगाम असतो मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिने. दिवाळी-नाताळचे चार दिवस त्यात वरकड. तारेच्या माथ्यावर उन्हात उभा राहणारा पोरगा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळतो, कडी अडकविली की नाही ते चाचपतो, कप्पी तारेवर बसवितो आणि पाठीवर थाप मारून सोडतो. खालच्या टोकाला दुसरा पोरगा ब्रेकच्या दोरावर हात ठेवून उभा असतो. एक कडी उलटी अडकली तर माणूस दरीत जाईल, हे दोघांनाही ठाऊक असते. रांग लांबली की मालकाचा माणूस मागून ओरडतो. पट्टे किती उन्हाळे वापरले, तारेची भारचाचणी कधी झाली, याच्या नोंदी कचेरीतल्या कपाटात. त्या या पोराला कोणी दाखवीत नाही. प्रवेशद्वारावर गिऱ्हाइकाकडून धोका स्वतःच्या जबाबदारीवर पत्करल्याची सही घेतली जाते. मालक त्या सहीमागे लपतो, ठेकेदार मालकामागे लपतो. अपघात घडलाच तर पोलीस ठाण्यात प्रथम बसविला जातो तो पट्टा आवळणारा. ज्याच्या दक्षतेवर सारे ‘साहस’ उभे आहे त्याला रोजंदारी मिळते. खरे साहस तेथे तोच करीत असतो, आणि तिकिटावर त्याचा उल्लेखही नसतो.

भविष्य निर्वाह निधीसाठी वीस कामगार लागतात, म्हणून एका उद्यानातले काम तीन ठेकेदारांत वाटले की प्रत्येकाचा आकडा विसाच्या आत राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. ठरावीक मुदतीच्या कामगारास वर्षभरानंतर उपदान मिळणार, हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. अडीच महिन्यांच्या माणसाचे वर्ष भरावयाचे कधी? हंगामी कामगारासाठीही कागदावर तरतुदी आहेत, पण त्यांचा लाभ घेण्यास आधी हजेरीपटावर नाव लागते. येथे हजेरी असते ती मुकादमाच्या तोंडी.

याच डोंगरातल्या बापजाद्यांनी या रोगावर औषध शोधून ठेवले आहे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालालाही एक मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, रजा नव्हती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संघटित झाला आणि १९६९ चा माथाडी कायदा पदरात पाडून घेतला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाने मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात भरावयाची, आणि निधी, बोनस, रजा यांचा हिशेब मंडळाने ठेवावयाचा, ही ती व्यवस्था. मालक बदलला तरी कामगाराचा हक्क बदलत नाही. डोंगरी पर्यटनातील कामगाराला, मग तो तारेवरचा असो, होडीवरचा असो, घोडेवाला असो की खोल्या झाडणारी बाई असो, असेच मंडळ का नसावे? गुंतवणूकदाराला अनुदान देताना शासनाला कायदे सुचतात. कामगाराची पाळी आली की ‘रोजगारनिर्मिती’ हा एकच शब्द सुचतो!

पाण्याची कथा याहून कडू आहे. महाबळेश्वरावर पाऊस कोसळतो तो सर्व महाराष्ट्राला हेवा वाटावा असा. पण जांभ्या दगडाखालचा काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. ते उतारावरून धावत कोयनेत, कृष्णेत आणि कोकणात जाते. चैत्र लागला की वाड्यांचे झरे आटतात आणि हंड्यांची रांग लागते. उद्यानांचा हंगाम भरतो तो नेमक्या याच दिवसांत. पर्यटकाला न्हाणीघर हवे, तरणतलाव हवा, धूळ बसविण्यास माळावर फवारा हवा. मैल-दीड मैल डोंगर उतरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढणाऱ्या बाईच्या चढाईला कोणी साहस म्हणत नाही. तिला पट्टा नाही, शिरस्त्राण नाही आणि विमाही नाही. जलाशयाच्या काठी राहून तहानलेल्या या माणसांसमोर यांत्रिक होड्या फिरवावयाच्या असतील, तर आधी त्यांच्या वाड्यांत नळ पोहोचला पाहिजे, ही मागणी काही क्रांतिकारक म्हणता येणार नाही.

आणि उतार? २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे डोंगर खाली आला व माणसे झोपेतच गाडली गेली. त्याच पावसात घाटाखालच्या तळिये गावाचा घास गेला. त्याआधी २०१४ मध्ये माळीण झाले, त्यानंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी झाली. सह्याद्रीचा उतार किती ओझे आणि किती खोदकाम सोशील याचा हिशेब अशा भाषेत लिहिला जात असताना, रस्ते बांधण्यात हयात गेलेल्या महामंडळाकडे त्याच उतारांचे नियोजन सोपविले जाते! माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनक्षेत्रांत नवी गिरिस्थाने होऊ देऊ नयेत असे स्वच्छ म्हटले होते, आणि निर्णयात ग्रामसभांना वाटा असावा असाही आग्रह धरला होता. तो अहवाल बाजूस सारला गेला. ग्रामसभांना विचारण्याची शिफारस राज्यकर्त्यांना झाडांच्या शिफारशीपेक्षाही अधिक बोचली असावी. लवासाचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण खात्याने काम थांबविले, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांनी दावे लावले. डोंगर कापला गेला त्याचा दावा लावण्यास न्यायाधिकरणात खिडकी नव्हती. मुळशी खोऱ्याच्या याच परिसरात १९२१ मध्ये सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांना उभे केले होते, हे स्मरावे.

समाजवाद्यांना डोंगर चढण्याचा तिटकारा आहे असा समज कोणी करून घेऊ नये. राष्ट्र सेवा दलाच्या मुलांनी फडक्यात भाकरी बांधून गड पालथे घातले ते तिकिटाशिवाय. शहरातल्या गिरणगावच्या पोरालाही सह्याद्रीचा वारा मिळाला पाहिजे. आजच्या उद्यानांत त्यालाच मज्जाव आहे, कारण एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या तिकिटात त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार निघतो. प्रश्न साहसाचा नाही, मालकीचा आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेणे, दिवसाची संख्या आवरणे, वाट दाखविणे हे काम भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या करतात. तेथेही गर्दीच्या, कचऱ्याच्या, मोटारींच्या तक्रारी आहेत, आणि खात्याची मर्जी समितीवर वरचढ ठरते हेही खरे. तरीही तेथे गल्ला गावाजवळ राहतो आणि वाटाड्याला आपल्या गावात आपले नाव असते. एवढ्याने डोंगर ओस पडला नाही, उलट पर्यटक वाढले.

म्हणून २३५ गावांपैकी कोणत्याही गावात साहस उद्यानास परवानगी द्यावयाची तर आराखडा सोप्या मराठीत त्या ग्रामसभेपुढे ठेवून तिचा ठराव घेतला पाहिजे. जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घ्यावी व पट्टा गावाच्या सहकारी संस्थेच्या नावे असावा. उताराची भूगर्भीय तपासणी प्रसिद्ध झाली पाहिजे. वाड्यांची पाणीयोजना चालू झाल्याचा दाखला मिळाल्यावाचून उद्यानास नळजोड नसावा. सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता कामगारांची मंडळाकडे नोंद झाल्यानंतरच सुटावा. जिल्ह्यातील आमदारांनी येत्या अधिवेशनात यांपैकी कोणत्या अटींना आपला पाठिंबा आहे ते सांगावे. मते मागावयास ते याच वाड्यांत येतात.

तूर्त मात्र जूनची पहिली सर आली की उद्यानाच्या फाटकाला कुलूप लागते, पट्टे गोणीत भरले जातात आणि तारेच्या माथ्यावर उभा राहणारा पोरगा मुंबईची एसटी पकडतो. तुर्भ्याच्या बाजारात त्याचा बाप पोती वाहतो. बापाच्या कामाची नोंद मंडळाच्या वहीत आहे. मुलाच्या अडीच महिन्यांची नोंद कोठेच नाही.