छायाचित्रांची जपणूक

लग्नाची छायाचित्रे पूर्वी एका अल्बमात मावत. आता २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातील एक ‘रॉ’ चित्रच सुमारे ३० एमबी जागा घेते. २,००० चित्रे म्हणजे ६० जीबी! कोळसाखाणींच्या बेल्लमपल्लीतील मराठी कुटुंबांना आम्ही सुचवू की, नित्याच्या कामास एसएसडी घ्यावी; तीत फिरती तबकडी नसल्याने धक्क्याचे भय कमी. मात्र विजेवाचून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये; आतला विद्युत्भार हळूहळू ओसरतो. दीर्घ जतनास हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण दोन घ्याव्यात, आणि दुसरी घरात नको. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग गावातूनच जातो. चंद्रपूरच्या आप्तांकडे ती सुखाने राहील. दिवाळीच्या भेटीत उघडून पाहावी. आजीचा एकुलता एक फोटो पेनड्राइव्हवर ठेवून निश्चिंत असणाऱ्यांची आम्हांला खरोखर धास्ती वाटते.