‘वाया गेलेल्या’ मुलींविषयी

पंधरा वर्षांची मुलगी घर सोडून गेली की देवळाच्या सभामंडपात तिचा न्याय आरतीपूर्वीच आटोपतो. ‘वाया गेली’, ‘कुळास काळिमा लावला’. फार तर सिनेमा व मोबाइल यांना दोन शिव्या. त्याच वयाचा मुलगा चार दिवस उनाडून परतला, तर त्याच मंडपात ‘वयच तसे’ म्हणून त्याची पाठराखण होते. या दुटप्पीपणास धर्मनिष्ठा म्हणण्यास आम्ही तयार नाही.

मुलींच्या या ‘बिघडण्या’चा मानसशास्त्रीय विचार नवा नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम टॉमस यांचा ‘द अनअ‍ॅडजस्टेड गर्ल’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. नव्या अनुभवाची ओढ, सुरक्षितता, जिव्हाळ्याचा प्रतिसाद आणि मान्यता या इच्छा प्रत्येक माणसात असतात, असे त्यांनी मांडले. मुलीचे पाऊल प्रथम वाकडे पडते ते बहुधा कामवासनेने नव्हे, तर थोडी करमणूक, चांगले कपडे, कोणाची तरी कौतुकाची नजर यांसाठी, हा त्यांचा निष्कर्ष. आमच्या घरांतून मुलीस यांपैकी काय लाभते? सुरक्षितता म्हणावी तर कुलूप, आणि कौतुक सारे भावाच्या वाट्याचे! शिवाय पळालेल्या मुलींपैकी कित्येकींनी घरातच, आप्तांच्या हातून, मारहाण वा लैंगिक अत्याचार सोसलेला असतो, हे पुढील संशोधनाने वारंवार दाखविले आहे. जळत्या घरातून उडी टाकणारीस कोणी स्वैर म्हणत नाही.

आजही मुलगी मनाजोगत्या मुलाबरोबर गेली की बाप अपहरणाची तक्रार नोंदवितो. आणि घरी परतण्यास नकार देणाऱ्या अल्पवयीन मुलीची रवानगी बालगृहात होते. तिने गुन्हा केलेला नसतो, तरी कोंडवाडा तिलाच.

आणि चारित्र्याचे दाखले देणारे आपण कोण? बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्मेस अजाण मुली वाहिल्या जात. देवदासीप्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यास १९३४ साली आणि कर्नाटकास १९८२ साली कायदा करावा लागला. वाहणारे भाविक ठरले. नावे ठेवली गेली ती वाहिलेलीस.

देवस्थान समित्यांकडे आमचे मागणे थोडके आहे. परतलेल्या मुलीस प्रायश्चित्त सांगू नये. हळदीकुंकवाच्या आमंत्रणांतून तिच्या आईचे नाव गाळू नये. घरी काय घडत होते, हे एखाद्या शहाण्या बाईने तिला एकांतात विचारावे. आणि उत्तरात अत्याचार करणाऱ्याचे नाव आले, तर ते समितीच्या अध्यक्षांचे असले तरी पोलिसांत कळवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने तसे कळविणे बंधनकारकच केले आहे.