दुबईला निघालात? बॅगेतला काळा मसाला आधी काढा

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याला कामासाठी गाव सोडणे नवे नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही पोरे पुणे गाठतात आणि एखादा आखाताची वाट धरतो. त्या एखाद्याच्या मोबाइलवर ‘दुबईत हे करू नका’ असे मेसेज धडाधड येऊन पडतात. त्यातले बरेचसे जुने झालेत आणि जे खरोखर गोत्यात आणते ते त्यात नसते.

खसखशीचेच घ्या. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडे ती अनारशावर असते, काळ्या मसाल्यात असते. इंजिनिअरिंगच्या माझ्या एका मित्राच्या आईने निघायच्या रात्री मसाल्याची पुडी बॅगेच्या तळाशी ठेवली होती. ‘घरचा तर मसाला आहे,’ म्हणून काकू अडून बसल्या. शेवटी पुडी घरीच राहिली. पान आणि गुटखाही नको. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधे असतील, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिथल्या सरकारची आगाऊ परवानगीही लागते.

रमजानमध्ये उपाशी राहावे लागते का?

नाही. दिवसा हॉटेलांनी पडदे लावण्याची सक्ती दुबईने २०२१ मध्येच उठवली. तरी रस्त्यावर, साइटवर रोजेदारांसमोर बाटली तोंडाला लावू नये, आडोशाला जावे. या महिन्यात खासगी नोकरीतले रोजचे कामाचे तासही दोनने कमी होतात, आणि ते बिगरमुस्लिम कामगारालाही लागू आहे. हे मात्र कुठल्याच मेसेजमध्ये दिसत नाही.

बाकी रीतभात आपल्याला जड जाऊ नये. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. सलाम, इफ्तार, शिरखुर्मा हे मराठवाड्याला शिकवावे लागत नाही. उजव्या हाताने घ्यावे-द्यावे, चप्पल बाहेर काढावी, वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरू नयेत, हे घरातलेच. नवे एवढेच, की बाईने हात पुढे केल्याशिवाय हात मिळवायला जाऊ नये. आणि अरबी कॉफीचा छोटा पेला हलवून परत दिला नाही, तर यजमान पुन्हा भरतच राहतो. शारजा मात्र दुबईच्या शेजारी असूनही वेगळी अमिरात आहे. तिथे दारूला पूर्ण बंदी आहे आणि कपड्यांचे नियमही कडक.

खरा धोका खिशातल्या मोबाइलचा

गावाच्या ग्रुपवर आपण रागात सहज शिवी टाकतो. तिथे २०२१ च्या सायबर कायद्यानुसार ऑनलाइन शिवीगाळीला कैद किंवा अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अडीच लाख दिरहम म्हणजे आपले अर्ध्या कोटीहून जास्त. परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढून टाकणे हाही गुन्हा. आणि गणपतीची वर्गणी? परवाना नसलेल्याने पैसे गोळा करणे कायद्यात बसत नाही, मग ते आजारी सोबत्यासाठी का असेना. मदत करायची तर परवानाधारक संस्थेमार्फत. सण-पूजेला अडसर नाही. जबेल अलीचे मोठे हिंदू मंदिर ऑक्टोबर २०२२ पासून खुले आहे.

हे सगळे माहीत नसणे ही त्या पोराची चूक, असे मला वाटत नाही. परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी केंद्र सरकारचे एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण आहे. दहावी न झालेल्याला अमिरातीत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरीही घ्यावी लागते. पण ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बघू’ म्हणणारा एजंट या दोन्ही पायऱ्या चुकवतो. जाणारा तिथे अडकला, तर त्याच्यापाशी ना कायदेशीर नोकरी असते ना नोंद, आणि तिकिटासाठी काढलेले कर्ज इकडे घरच्यांच्या मानेवर असते. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा हे प्रशिक्षण मराठीत ठेवायला जिल्हा प्रशासनाला एक सभागृह आणि एक प्रोजेक्टर पुरेल. तोवर एजंटला पैसे देण्याआधी ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का, एवढे तरी तपासा. मोबाइलवर ते पाच मिनिटांचे काम आहे.