मनीला शाळा, की आपल्याला?



या आठवड्यात पंचवटीतून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ‘माझं नाव छापू नका’ असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. पत्र मात्र तुम्ही वाचायलाच हवं.

‘आमची मनी आठ महिन्यांची आहे. ती ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यात तोंड घालते. सोफ्याला नखं मारते. परवा तर आजीच्या गादीवर शू केली. आजी म्हणाली, महिनाअखेरपर्यंत सुधारली नाही तर पोत्यात घालून गंगेपलीकडे सोडून या. बाबाही हो म्हणाले. मी मनीला दोनदा फटके दिले, तरी ऐकत नाही. काय करू?’

(बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगतो, नाशिककर गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात!)

मैत्रिणी, आधी ते फटके बंद कर बरं! मनीनं पातेल्यात तोंड घातलं, तिला दूध मिळालं. दहा मिनिटांनी तू आलीस आणि धपाटा घातलास. आता या दोन गोष्टींचा संबंध तिनं कसा लावायचा? तिला एवढंच कळतं, की ही मुलगी जवळ आली की मार बसतो. मग ती दूध सोडत नाही, तुझ्याजवळ यायचं सोडते.

म्हणजे मांजर शिकतच नाही का? छे, उत्तम शिकतं! एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं लाकडी पट्ट्यांचे पिंजरे बनवले होते. आत भुकेलं मांजर, बाहेर खाऊ. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं. पहिल्यांदा मांजर नुसतं ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं आणि त्या गडबडीत चुकून खटका दाबला जायचा. पण पुन्हा पुन्हा तेच केल्यावर धडपड कमी होत गेली आणि मांजर झटकन बाहेर पडू लागलं. १८९८ साली त्यानं हे प्रयोग प्रसिद्ध केले. सार काय, तर ज्यातून फायदा होतो ते मांजर पुन्हा करतं.

आता ओट्याकडे बघ. रोज तिथं उघडं पातेलं, म्हणजे रोज बक्षीस! मनीची शाळा तिथंच भरतेय आणि मास्तर तुम्हीच आहात. आपल्याकडे म्हण आहे ना, ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं साधलं’? जुन्या बायका बोक्याला धडे देत बसत नव्हत्या. त्या दूध-दही शिंक्यावर उंच टांगायच्या. तुम्हीही दूध झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि ओटा पुसून कोरडा ठेवा. चार-सहा दिवस काहीच मिळालं नाही, की तिकडच्या फेऱ्या कमी होतील. तिला उंचावर बसायला आवडतं, म्हणून खिडकीपाशी एक स्टूल तिचं म्हणून ठेव.

आणि तिचं पोट भरतंय ना, तेही पाहा. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. नुसत्या दूध-पोळीवर त्याचं भागत नाही. मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना तर दूध पचतही नाही. घरात मासळी चालत नसेल, तर मांजरांसाठीचं तयार खाणं आणा. वाटीत स्वच्छ पाणी कायम हवं.

सोफ्याचं काय? नखांवरचं जुनं आवरण काढणं, अंग ताणणं आणि ‘ही जागा माझी’ अशी खूण करणं, ही तिची गरज आहे. ती बंद करता येत नाही, पण जागा बदलता येते. लाकडाच्या जाड ओंडक्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळ. मनी मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणू शकेल एवढा तो उंच हवा आणि हलता कामा नये. सोफ्याशेजारीच ठेव. तिनं तिथं नखं मारली, की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हण आणि खाऊचा तुकडा दे. उशिरा दिलेलं बक्षीस उशिरा दिलेल्या धपाट्यासारखंच, तिला कळत नाही.

आता गादी. इथं मात्र आधी डॉक्टर! मूत्रमार्गाचा त्रास असला तर मांजर भलतीकडेच शू करतं. बोका जोर करतोय आणि शू होतच नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, त्याच्या जिवाला धोका असतो. माजावर आलेली मांजरीही अशी ठिकठिकाणी शू करते. तेव्हा मनीच्या नसबंदीचं आणि रेबीजच्या लसीचंही डॉक्टरांना विचारा. आजार नसेल, तर पसरट टबात कोरडी वाळू भरून शांत कोपऱ्यात ठेव. खाण्याच्या वाटीपासून लांब. घाण रोज काढायची, आणि हे काम तुझं, आईचं नाही! टब घाण झाला की मांजर दुसरी जागा शोधतं.

एक मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. मार बसेल म्हणून घरी लपवायचं नाही.

राहिलं ते पोतं. आजीला आणि बाबांना एवढं समजावून सांग. घरात वाढलेलं मांजर अनोळखी गल्लीत सोडलं, की तिथली कुत्री, दुसरे बोके आणि गाड्या यांच्यात ते एकटं पडतं. खायला कुठं मिळतं हेही त्याला ठाऊक नसतं. पाळलेलं जनावर असं उपासमारीला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण आजीशी कायद्यानं भांडू नकोस. तिची गादी धुऊन, उन्हात वाळवून दे आणि आणखी एक महिन्याची मुदत माग.

त्या महिन्यात एक वही घाल. मनी कधी, कुठं, काय करते आणि त्याआधी काय झालं होतं, ते रोज लिही. आठवडाभरात तुलाच कळेल, की प्रत्येक खोडीमागं काहीतरी कारण आहे. ती वही आजीलाही वाचून दाखव.

महिन्यानं मला पत्र लिही. मनी घरातच आहे, हे पहिल्याच ओळीत सांग. बाकीचं मग सावकाश वाचीन!