गूढ मनाचे कौतुक

एखादा वृद्ध पुढारी निवडणुकीस पुन्हा उभा राहणार की नाही, अशी चर्चा सुरू झाली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मंडळींस मोठा हुरूप चढतो. पुढारी एके दिवशी निवृत्तीची भाषा बोलतो, दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचा दाखला देतो. आणि या दोहोंच्या दरम्यान जे आठवडे जातात त्यांत दिवाणखान्यातील प्रत्येक जण स्वतःस ज्योतिषी समजू लागतो. निर्णय काहीही लागो, अखेरचे उद्गार ठरलेलेच असतात : "यांच्या मनाचा थांग लागायचा नाही!" हे वाक्य आपण निंदा म्हणून नव्हे, स्तुती म्हणून उच्चारतो. ही स्तुती लोकशाहीस घातक आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. श्री. शरद पवार १९६७ साली प्रथम विधानसभेत गेले आणि १९७८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुख्यमंत्री झाले. त्यांची कर्तबगारी, व्यासंग व दांडगा लोकसंग्रह यांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. २००९ साली ते माढ्यातून लोकसभेवर गेले. २०१४ साली लोकसभेची निवडणूक न लढविता त्यांनी राज्यसभेचा मार्ग पत्करला. २०१९ च्या आरंभी माढ्यातून पुन्हा उभे राहण्याचे त्यांनी जाहीर केले. पण निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ मार्च रोजी, माघार घेतली. घरातील दोघे उभे असता आपण थांबावे, हे त्यांनी दिलेले कारण. कारण समंजस आहे खरे; परंतु माढ्याचे मतदान २३ एप्रिलला होते. ज्या मतदारसंघात पक्षाध्यक्ष स्वतः उभा राहणार म्हणून इतर इच्छुकांनी हात आखडले, तेथे जेमतेम सहा आठवडे उरले असता नवा उमेदवार शोधण्याची पाळी पक्षावर आली. ती जागा पक्षाने गमावली. केवळ या एका कारणाने गमावली, असे आम्ही म्हणत नाही. उशिरा घेतलेल्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्यास नव्हे, भलत्यालाच मोजावी लागते, एवढेच आमचे म्हणणे.

चार वर्षांनी हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. २ मे २०२३ रोजी मुंबईत आपल्या आत्मचरित्राच्या प्रकाशनसमारंभात श्री. पवारांनी पक्षाचे अध्यक्षपद सोडण्याची घोषणा केली. सभागृहात रडारड झाली. पुढील अध्यक्षाचा विचार करण्यासाठी जी समिती होती, तिने राजीनामाच नामंजूर केला. आणि ५ मे रोजी घोषणा मागे घेण्यात आली. तीन दिवसांत प्रश्न होता तेथेच येऊन बसला. पण उत्तर न दिल्याने प्रश्न मरत नाही. २ जुलै रोजी पुतणे श्री. अजित पवार निराळी वाट धरून उपमुख्यमंत्री झाले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व घड्याळ ही निशाणी त्यांच्या गटास दिली. १९९९ साली स्थापन केलेल्या पक्षाचे नाव संस्थापकाच्या हयातीतच त्याच्या हातून गेले.

यावर कोणी म्हणेल, की त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत याच वृद्धाने १० पैकी ८ जागा जिंकून दाखविल्या, त्याचे काय? होय, दाखविल्या, आणि त्याबद्दल शाबासकी द्यावयास आम्ही कचरणार नाही. पण तो विजय एका माणसाच्या तडफेचा होता; तेवढ्याने पक्षाची पुढची सोय लागली असे होत नाही. सहा महिन्यांतच विधानसभेच्या निवडणुकीत त्याच पक्षाच्या पदरी अवघ्या १० जागा पडल्या. शिवाय वयाचा मुद्दा आम्ही काढलेलाच नाही. मोरारजी देसाई एक्याऐंशीव्या वर्षी पंतप्रधान झाले. म्हातारपण हा गुन्हा नव्हे. इतरांचा काळ अडवून धरणे हा मात्र आहे.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन यांनी एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा उभे राहण्याचे जाहीर केले. २७ जून २०२४ च्या जाहीर वादसभेत त्यांची दुर्बलता साऱ्या जगाने पाहिली. तरी पुढे तीन आठवड्यांहून अधिक काळ घालमेलीत गेला आणि २१ जुलैस त्यांनी माघार घेतली. तोवर पक्षांतर्गत मतदानाचे सर्व टप्पे आटोपले होते. कमला हॅरिस यांना प्रचारास १०७ दिवस मिळाले. आणि पक्षाच्या सामान्य मतदारास दुसरा उमेदवार निवडण्याची जी संधी वर्षाच्या आरंभी मिळावयाची, ती मिळालीच नाही.

दरबारात धन्याची मर्जी ओळखणे ही नोकरी असते. धन्याने मन झाकून ठेवावे आणि सेवकांनी भुवईच्या हालचालीवरून भविष्य वर्तवावे, ही तेथील रीतच. प्रजासत्ताकात मात्र मतदार हा धनी. त्याने पुढाऱ्याचे मन ओळखीत बसावयाचे नाही. पुढाऱ्याने ते वेळेवर सांगावयाचे. त्या मनात काय होते हे चार-दोन वर्षांनंतरही छातीठोकपणे सांगता येऊ नये, हे मुत्सद्देगिरीचे लक्षण नव्हे, दरबारीपणाचे आहे. आणि त्या दरबारातील हौशी भालदार-चोपदार आपणच, वर्तमानपत्रे वाचणारी शहाणी माणसे, आहोत.

याच्या उलट दाखला नाही असे नाही. परभणीकडील नानाजी देशमुख १९७७ साली उत्तर प्रदेशातील बलरामपुरातून लोकसभेवर गेले, मंत्रिपद नाकारले, आणि साठीच्या सुमारास निवडणुकीच्या राजकारणाला रामराम ठोकून गोंडा व चित्रकूट येथील ग्रामकार्यात शिरले. पुढे १९९९ साली राज्यसभेवर त्यांची नेमणूक झाली, तरी मतांसाठी ते पुन्हा कोणाच्या दारी गेले नाहीत. त्यांचे राजकीय मत कोणास रुचो वा न रुचो; त्यांचे पुढे काय, ही कोडी सोडवीत कोणास बसावे लागले नाही.

आम्हां अध्यापकांच्या पेशात निवृत्तीची तारीख नोकरी लागते त्याच दिवशी ठाऊक असते. जागा पुढे भरली जाते की नाही, हा भाग निराळा! राजकारणाला असा कायदा लावा असे आम्ही म्हणत नाही. मागणी लहानच आहे : पुढाऱ्याने उभे राहावे अथवा न राहावे, पण ते निवडणुकीच्या बारा महिने अगोदर सांगावे, आणि पक्षाचा अध्यक्ष मुदतीच्या निवडणुकीने ठरावा, अश्रूंनी नव्हे. तोवर पुढच्या वेळी असे कोडे कानी आले, की तर्क लढविण्याऐवजी वाचकांनी एकच विचारावे : महाशय, आपले उत्तर कोणत्या तारखेस मिळेल?