मँचेस्टरला जाणाऱ्याची तालीम होते, मोखाड्याला जाणाऱ्याची का नाही?

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

एमबीबीएसनंतर इंग्लंडला निघालेली मुलं प्लॅब-२ या तिथल्या परवाना परीक्षेची तयारी कशी करतात, हे आपण पाहिलं असेलच. कुणाच्या तरी खोलीवर तिघं जमतात. एक डॉक्टर, एक पेशंट, तिसऱ्याच्या हातात टायमर. ८ मिनिटांत हिस्ट्री घ्यायची, समोरच्याला नेमकी कसली धास्ती आहे ते बोलतं करायचं, उपचार समजावायचे. मँचेस्टरला होणाऱ्या या परीक्षेत पेशंट म्हणून बसतात ती बहुतेक आजाराचा पाठ पक्का केलेली नटमंडळी. परीक्षक तिथेच बसून सगळं पाहत असतो.

त्यांच्याच वर्गातला दुसरा मुलगा सरकारी सेवेच्या बाँडवर मोखाड्याच्या नाहीतर भामरागडच्या आरोग्य केंद्रात जातो. त्याची अशी तालीम कोण घेतं? फायनलला तो लाँग केस सादर करतो. एक्स्टर्नल निष्कर्ष ऐकतात, दोन खोचक प्रश्न विचारतात, मार्क देतात. तो पेशंटशी काय बोलला, कसा बोलला, हे बहुधा कुणीच पाहिलेलं नसतं. आणि 'केस' म्हणून वॉर्डातून आणून बसवलेला माणूस सकाळपासून एकामागून एक मुलांकडून पोट दाबून घेत राहतो. दुपारपर्यंत त्याला स्वतःचा आजार इतका पाठ होतो की तोच हळूच सांगतो, "डॉक्टर, पाणथरी पण वाढलीय, बघा."

पेशंट असे शिकतातच. हॉवर्ड बॅरोज हे अमेरिकी न्यूरोलॉजिस्ट अशाच एका पेशंटची हकिगत सांगत. परीक्षेत कुणीतरी त्याला धसमुसळेपणानं तपासलं, तेव्हा पठ्ठ्यानं पायाचं लक्षण मुद्दाम दुसऱ्याच बाजूला दाखवलं! पेशंटचं सोंग वठवता येतं, तर ते शिकवताही येईल, हे बॅरोजनी ओळखलं. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी धडधाकट व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ओस्कीची, म्हणजे ठरावीक वेळेच्या छोट्या टप्प्यांत प्रात्यक्षिक परीक्षा घेण्याची, पद्धत मांडली. आपल्याकडे ओस्की आता नवखी राहिलेली नाही. पण एक्स-रे ओळखा, उपकरणाचं नाव सांगा, एवढ्यावर ती अनेकदा उरकते.

माझी विनंती साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयानं दहा-बारा माणसं तयार करावीत. ती शोधायला लांब जायला नको. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारे हौशी कलाकार गावोगावी आहेत, पूर्व विदर्भात झाडीपट्टीची अख्खी रंगभूमी आहे. प्रसंग मात्र इथलेच हवेत. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून टीबीच्या गोळ्या सोडलेला ट्रकड्रायव्हर. सासू शेजारी उभी असल्यानं नुसता 'अशक्तपणा' सांगणारी सून. इथे सासूला बाहेर कसं पाठवायचं, हीच परीक्षा. "बाबांना कॅन्सरचं कळू देऊ नका," म्हणून हात जोडणारा मुलगा. इंग्लंडची संहिता मराठीत उतरवून यातलं काहीच हाती लागणार नाही.

पण खरा पेशंट परीक्षेतून काढू नका. कितीही कसलेला नट हृदयाचा मर्मर किंवा सुजलेलं यकृत आणू शकत नाही. तेवढ्यासाठी वॉर्डच हवा, फक्त एका माणसाला किती जणांनी तपासायचं याला मर्यादा घाला. दुसरा धोका घोकंपट्टीचा. चौथ्या सेकंदाला चेहरा पाडून "ऐकून वाईट वाटलं" म्हणणारे उमेदवार क्लासेस घाऊक तयार करतात. ही असली सहानुभूती पेशंटला लगेच कळते. म्हणून मार्कांत पेशंट झालेल्याचाही शब्द असू द्या.

आणि हे एकाच शहरात, जबर फी घेऊन करू नका. अमेरिकेची स्टेप-२ सीएस ही अशीच, पेशंट झालेल्या नटांवर होणारी डॉक्टरांची परीक्षा केवळ पाच शहरांत होई, फी हजार डॉलरच्या वर, आपल्या मुलांना व्हिसा आणि विमानखर्च वेगळा. २०२० मध्ये कोविडमुळे थांबली, ती २०२१ मध्ये कायमची बंद झाली.

येत्या सत्रात चार-पाच महाविद्यालयांत, मार्क न धरता, सुरुवात करून पाहा. परीक्षक म्हणून मी विनामानधन येईन. पेशंटचं काम करणाऱ्यांना मात्र मानधन द्या, आणि ते वेळेवर द्या.

आपला,
मेडिसिनचा एक निवृत्त परीक्षक