चोपडीत न लिहिलेले स्थलांतर

सुनेच्या स्थलांतराची नोंद कोणत्याही चोपडीत होत नसते. कच्छहून किंवा मारवाडातून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आलेली मुलगी भाषा, पाणी, शेजार, सारेच बदलते. तिने परकेपण बोलून दाखवले, तर ते गाऱ्हाणे ठरते.

मंजुला पद्मनाभन यांनी अशा परकेपणाला विनोदाची वाट दिली. राजनैतिक अधिकाऱ्याच्या या कन्येचे बालपण स्वीडन, पाकिस्तान, थायलंड येथे गेले. १९८२ मध्ये मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांची ‘सुकी’ ही व्यंगचित्रमालिका सुरू झाली. कुरळ्या केसांची सुकी कोणाची पत्नी नाही, कोणाची आई नाही; जगाशी तिचे पटत नाही आणि त्या न पटण्यातूनच विनोद उमलतो. इराणच्या मार्जान सत्रापी यांनीही ‘पर्सेपोलिस’ या चित्रकथेत, चौदाव्या वर्षी व्हिएन्नात वाट्याला आलेल्या एकटेपणाची अशीच कडू थट्टा केली आहे.

अशा हास्याच्या तळाशी दुःख असते. सून स्वतःच्या फजितीवर हसली, तर सासूबाईंनी नुसते हसून सोडून देऊ नये. जवळ बसवून विचारावे. त्याही कधीकाळी याच उंबरठ्यावर परक्या होत्या.